खरे भरल्यानंतर आलेले फोन

जळगावातल्या त्या फोटो स्टुडिओचे अर्धे शटर आम्ही वर केले, ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एसटीडी बूथ गल्लोगल्ली निघत होते, त्या काळातली ही गोष्ट.

स्टुडिओचे मालक आत मृतावस्थेत होते. त्यांनी स्वतःचाच जीव घेतला होता, हे पाहताक्षणी कळत होते. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. लग्नाचे, शाळेचे फोटो काढून त्यांनी शहराच्या मेहरूण भागात छोटे घर बांधले होते. ना व्यसन, ना भांडण. पंचनामा झाला, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. चिठ्ठी नव्हती.

घरी जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्यांची पत्नी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "साहेब, दोन मयनापासून ते पोटभर जेवेत नही. फोन वाजना की दचकी जायेत."

"कुणाचा फोन?"

"माले नही सांगं."

कॉमर्स कॉलेजात शिकणारी मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली. आधीच्या वर्षी नानांनी आयकराचे विवरणपत्र भरताना लग्नसराईची कमाई दाखवली नव्हती. मुलीच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "मीच बाबांच्या मागे लागले. मुदत आहे तोवर सुधारित विवरणपत्र भरा, म्हटलं. त्यांनी भरलं, फरकाचा करही भरला. त्यानंतर काही दिवसांनी ते असे झाले." एवढे बोलून तिने तोंडावर ओढणी धरली.

घरात एक गृहस्थ सगळी धावपळ करत होते. डबा आणणे, नातेवाइकांना बसवणे, आमच्या शिपायांना पाणी देणे. ते एका कर सल्लागाराकडे कारकून होते आणि त्याच गल्लीत राहत. मुलगी त्यांना भाऊकाका म्हणायची. नानांचे सुधारित विवरणपत्र त्यांनीच लिहून कार्यालयात नेऊन दिले होते.

तेराव्यानंतर बाजारातला एक बूथवाला ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. एक माणूस माझ्याकडून फोन करायचा. दार लावून घ्यायचा, आवाज बदलून बोलायचा, पण काच कुठं आवाज अडवते? 'आयकर ऑफिसातून बोलतोय. जुना रिटर्न बदललास म्हणजे आधी चोरी केली होतीस. आता भर बाजारात तुझ्या दुकानावर छापा पडेल.' मला वाटलं, खराच साहेब असेल. काल नानांच्या घरी गेलो, तर तोच माणूस पंगतीत वाढत होता."

मी कारकुनाला बोलावले. आवाज चढवला नाही. चहा दिला आणि नानांनी असे का केले असेल, एवढेच विचारले.

तो हळहळून म्हणाला, "छाप्याची धास्ती घेतली होती, साहेब. भर बाजारात अब्रू जाईल म्हणून."

"छाप्याचं त्यांच्या बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नानांनीच."

बाहेर बसवून ठेवलेल्या बूथवाल्याला, त्याची विनंती मोडून, मी आत बोलावले. त्याला पाहताच कारकुनाने कप खाली ठेवला. मग तो बोलला. आधी साहेबाला देऊन प्रकरण मिटवतो म्हणून त्याने मध्यस्थ बनून नानांकडून थोडे पैसे उकळले होते, ते मिळाले म्हणून पुन्हा फोन केला. "मरतील असं वाटलं नव्हतं हो," एवढेच तो घोकत राहिला.

खात्री करण्यासाठी मी आयकर कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी फाइल काढून पाहिली. नानांचे सुधारित विवरणपत्र केव्हाच स्वीकारले गेले होते. चौकशी नव्हती, नोटीस नव्हती.

मी विचारले, "जुने विवरणपत्र बदलले की तपासणी मागे लागते का?"

ते म्हणाले, "बदलले म्हणून लागत नाही. आकडे विचित्र वाटले, मोठा परतावा मागितला, तर आम्ही विचारतो. आणि विचारले तरी काय? कागद घेऊन या, समजावून सांगा. यांनी तर स्वतःहून जास्त कर भरला होता."

ते कार्यालय स्टुडिओपासून चालत जाण्याइतके जवळ होते. नाना तिथे एकदाही गेले नाहीत.

खंडणीचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, आणि साक्षीच्या दिवशी बूथवाला फितूर झाला. आरोपी निर्दोष सुटला आणि त्याच गल्लीत राहायला आला. स्टुडिओ विकला गेला. मुलीचे कॉलेज तोवर अर्ध्यावर सुटले होते.

नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. अट्टल लबाडाला नोटीस आली की तो वकील गाठतो. सरळ माणूस नुसत्या धमकीने जेवण सोडतो आणि कुणाला विचारतही नाही. त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही, त्याची भीती ठाऊक असली की पुरते. आणि ती जवळच्यालाच ठाऊक असते.

निकालाच्या दिवशी मुलगी कोर्टाच्या आवारात मला भेटली. "साहेब, मी बाबांना खरं भरायला सांगितलं, ते चुकलं का?"

"नाही, बेटा. त्यात तुझी काहीच चूक नाही."

"मग एवढं आईला सांगाल? ती माझ्याशी बोलत नाही."

मी गेलो. आयकर अधिकारी जे बोलले होते, ते सगळे त्या बाईंना नीट समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मुलगी दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"खरं करीसनी आमले काय भेटनं, साहेब? बठ्ठं तं गयं, माणूस गया, दुकान गयं."

मी टोपी उचलली आणि बाहेर पडलो.