मलकापुरातून दिलेली हाळी

असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी चहा पाजतो आणि मग त्याची उलटतपासणी घेतो. माझा यावर कधीच विश्वास नव्हता... आता नक्की काय आहे, ते सांगता येत नाही.

कराडला लागून असलेल्या मलकापुरात मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. गेल्या उन्हाळ्यात बायकांच्या दुपारच्या बॅचला ‘हाउल’ हे क्रियापद शिकवत होतो. माझं फार आवडतं — लांडगा हाउल करतो, कुत्रा करतो, आणि काळीज पिळवटलं की माणूसही करतो. मी स्वतः गळा काढून दाखवला. सगळ्या हसल्या, कमलताई सोडून.

कमलताईंचं माहेर आटपाडीकडचं, मेंढपाळाचं. विचारल्यावर कळलं — मेंढरं चारायला गेलेल्या त्यांच्या वडिलांचं, आबांचं कुत्रं पाटणच्या डोंगरात हरवलं होतं. बाकीची मंडळी मेंढरं घेऊन गावाकडं निघाली, पण आबा काळ्याशिवाय हलायला तयार नव्हते. एकटेच बसून होते, धड जेवत नव्हते.

मी आपली मास्तरकी केली — तुमच्यात कुत्र्याला बोलावतात कसं? त्या म्हणाल्या, प्रत्येक घरची हाळी वेगळी असते, कुत्रं फक्त आपल्या घरचीच ओळखतं. दाखवा म्हटल्यावर आधी लाजल्या. मग खिडकीशी गेल्या, तोंडाशी हात धरले आणि असा लांबलचक आवाज काढला की मघाशी हसलेल्या बायकाही वळून बघत राहिल्या. इतकी वर्षं मी हा शब्द नुसताच शिकवत होतो.

त्या जागेवर येऊन बसतायत तोवर फोन वाजला. आबाच होते. आम्हालाही ऐकू यावं म्हणून कमलताईंनी फोन बाकावर ठेवून स्पीकर लावला.

“कमळे, काळ्या आला बग. तुजी हाळी आली डोंगरावरनं, आन् मागनं ह्यो पळत आला. तू वर कशापायी थांबलीयास? ये की खाली.”

पाटण काय जवळ आहे होय! मलकापुरापासून चांगलं तीसेक किलोमीटर. कुत्रं परत आलं हा योगायोग, तेवढं मला मान्य आहे. पण आवाज...?

कमलताई एवढंच म्हणाल्या, “आले, आबा.” आणि पर्स उचलून तशाच स्टँडकडं निघाल्या.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. त्या पोचल्या तेव्हा आबा डोंगराकडं तोंड करून बसले होते, काळ्या मांडीला टेकून. पाठीमागून, रस्त्यानं आलेली लेक बघून त्यांनी विचारलं, “आगं, तू हिकडनं कशी आलीस?”