बंद बरणीचे दोन दिवस

प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळं हॉस्पिटल 'बरणीबाई' म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. बरणी त्यांच्याकडे होतीच. जाड, पारदर्शक, घट्ट स्क्रूच्या झाकणाची, जंतू वाढवायच्या सात-आठ चपट्या बशा मावतील एवढी. हवेचं वावडं असलेले जंतू तिच्यात वाढवायचे. हे जंतू माणसाच्या तोंडात, आतड्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदतात, सडक्या कानातही मुक्काम ठोकतात. पण वाट वाकडी करून मेंदूत शिरले की तिथे पू साठवून बसतात. आणि एवढे दांडगट असूनही उघडी हवा लागली की माना टाकतात. नमुना आणताना हयगय झाली, की जंतू वाटेतच मरतात आणि 'काही वाढलं नाही' असा अहवाल द्यायला सगळे मोकळे.

म्हणून बाई नमुना आणायला कोणाला पाठवत नसत. स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभ्या राहात. सर्जन हवा काढून टाकलेली, सुई रबरी बुचात टोचलेली सिरिंज हातात देत, आणि बाई तिथून जिना उतरून प्रयोगशाळेपर्यंत सरळ चालत. वाटेत कोणाशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा भांडारप्रमुखांनी "बाई, चहा?" म्हणून विचारलं आणि बाई त्यांच्या बाजूने वाऱ्यासारख्या निघून गेल्या. भांडारप्रमुख तीन महिने फुगून बसले होते.

त्या सोमवारी बाई दाराशी उभ्या होत्या त्या शिंप्यासाठी. हॉस्पिटलचे पांढरे कोट शिवणारा हा माणूस पन्नाशीचा, फटकळ, लहानपणापासून डावा कान वाहणारा. कानात कापसाचा बोळा घालून त्याने अख्ख्या हॉस्पिटलची मापं घेतली होती, कानाच्या डॉक्टरांचीसुद्धा. पण त्या बोळ्यामागे काय आहे ते बघायचं कोणालाच सुचलं नाही. मग आठवडाभर डोकं दुखलं, ताप आला आणि एका सकाळी त्याच्या तोंडून वस्तूंची नावं येईनात. कात्रीला तो 'ते दोन पायांचं' म्हणाला. बायकोला हाक मारली, "ए कॉलर!"

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लाडाचं नाव दिलं," बायको सगळ्यांना सांगत होती, "ते पण कॉलर!" आणि हसता हसता डोळे पुसत होती.

मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच, लिंबाएवढा पू होता. सर्जननी कवटीला छोटंसं भोक पाडून तो ओढून काढला. अकरा चाळीसला सिरिंज बाईंच्या हाती आली. थिएटरमधल्या नर्सने नाक दाबून धरलं होतं, इतका घाण वास. बाईंना मात्र तो वास म्हणजे ओळखीच्या माणसाने मारलेली हाक वाटली. हवेत वाढणारे जंतू असले घाणेरडे वास सहसा मारत नाहीत.

काचपट्टीवर थेंब रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. तीन तऱ्हेचे जंतू, नुसती जत्रा भरलेली. मग नेहमीच्या बशांवर एकेक थेंब, ते हवेत वाढणाऱ्यांसाठी. आणि बाकीचे बरणीतल्या बशांवर. या बशांवर त्यांनी औषध भिनवलेली कागदाची एकेक टिकली ठेवली. हवा न चालणाऱ्या जंतूंना मारणारं औषध ते, शिंप्याच्या शिरेतून जाणाऱ्या तीन औषधांतलं तिसरं. हवा शोषून घेणारी पुडी टाकली, झाकण आवळलं. बारा वाजून दहा मिनिटं. बाईंनी वहीत वेळ लिहिली. आतली निळी पट्टी हळूहळू पांढरी पडली, म्हणजे हवा संपली.

मंगळवारी दुपारी वॉर्डातले तरुण डॉक्टर आले. रात्रभर जागल्यासारखे डोळे.

"बाई, साध्या बशा?"

"कोऱ्या."

"मग झालं. आधीच्या औषधांनी जंतू मेलेले असणार. तो शिंपी पाण्याचा घोटही ठेवत नाही पोटात, सारखा ओकतोय. ते तिसरं औषध बंद करतो मी. त्याचाच त्रास आहे."

"थांबा," बाई म्हणाल्या. "साध्या बशा कोऱ्या आहेत म्हणूनच थांबा. काल सूक्ष्मदर्शकात एवढी गर्दी होती, ती हवेत का वाढली नाही?"

"मग उघडा ना बरणी. चोवीस तास होऊन गेलेत. नुसतं बघू."

"नाही."

पलीकडच्या टेबलावरचे चष्मेवाले सहकारी रक्त तपासता तपासता म्हणाले, "डॉक्टर, यांच्या घरातसुद्धा बरणीला कोणी हात लावत नाही. यजमान साखर शेजारून मागून आणतात."

"तुम्ही तुमच्या नळ्या सांभाळा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी डॉक्टरांना स्टुलावर बसवलं आणि स्वतःच सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक शाळामास्तरीण होत्या, असाच मेंदूत पू. तेव्हाही कोणीतरी 'नुसतं बघू' म्हणालं आणि बाईंनी एका दिवसात झाकण उघडलं. आत नजरेला दिसेल न दिसेल अशी, धुळीसारखी जंतूंची वाढ होती. बरणी पुन्हा बंद करून ठेवली, पण ती धूळ तेवढ्यावरच थांबली, पुढे काही वाढलंच नाही. योग्य औषध लागलं ते दुसऱ्या ऑपरेशननंतर, तीन आठवडे उशिरा. मास्तरीणबाई वाचल्या, पण एक पाय ओढत चालायच्या.

डॉक्टर स्टुलावरून उठले.

"उद्या बारा दहा," बाई म्हणाल्या. "तोवर औषध चालू ठेवा आणि ओकारीवर काही द्या. ओकारीचं औषध तर तुम्हाला मी सांगायला नको."

"आणि उद्याही काही नसलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

संध्याकाळी शिंप्याची बायको दारात आली. तिने काचेच्या खिडकीतून बरणीकडे असं पाहिलं, जणू नवरा तिच्यातच बसलाय.

"ताई, जरासं किलकिलं करून नाही का बघता येणार?"

"वहिनी, भात शिजतोय का ते दर मिनिटाला झाकण काढून बघितलं तर काय होतं?"

"कच्चा राहतो."

"मग?"

"पण तो भात असतो हो, ताई."

बाईंनी तिला पाणी दिलं. त्या रात्री घरी यजमानांनी दोनदा विचारलं, "आज गप्पगप्प?" आणि दोन्ही वेळा बाईंनी "काही नाही" म्हणून सांगितलं. खरं म्हणजे बरणीत काही नसलं तर आपण एका आजारी माणसाला उगाच आणखी एक दिवस ओकायला लावला, हेच त्यांच्या मनात घोळत होतं.

बुधवारी बारा दहाला तरुण डॉक्टर आधीच येऊन उभे होते. चष्मेवालेही काम टाकून आले. बाईंनी झाकण फिरवलं. सोमवारचाच वास भपकन बाहेर आला आणि बाईंच्या खांद्यांवरचं ओझं तिथेच उतरलं. बशीभर बारीक करड्या ठिपक्यांची दाटी होती. फक्त कागदाच्या टिकलीभोवती गोल, स्वच्छ, मोकळी जागा. जणू एखाद्या खडूस माणसाभोवती कोणी बसायला तयार नसावं.

"हेच औषध," डॉक्टर हळूच म्हणाले.

"हेच."

"काल बंद केलं असतं तर…"

"केलं नाहीत ना? मग झालं. जा, वहिनी बाहेर उभ्या आहेत, तुम्हीच सांगा."

ओकारी दोन दिवसांत आटोक्यात आली. औषधं मात्र पुढे सहा आठवडे चालली, आणि मधल्या काळात कानाच्या डॉक्टरांनी ओशाळवाण्या चेहऱ्याने तो कानही साफ करून दिला. शब्द एकदम परतले नाहीत. आधी शिव्या आल्या, मग आकडे, मग एकेका वस्तूचं नाव.

पाचव्या आठवड्यात बाई एक अहवाल द्यायला वॉर्डात गेल्या, तेव्हा शिंपी उशीला टेकून बसला होता आणि खाटेभोवतीच्या पडद्याचा काठ हातात धरून नर्सला झापत होता.

"ही टीप आहे का? काठ दुमडलाय एकीकडे, शिवण चाललीय दुसरीकडे. दोरा पण भलत्याच रंगाचा. कोणी शिवला हा? कापडाचा जीव घेतलाय!"

"ताई," बायको म्हणाली, "याला गप्प करायचं औषध आहे का तुमच्या बरणीत?"

"ते अजून निघालं नाही, वहिनी," बाई म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी पडद्याचा काठ पाहिला. टीप खरंच वाकडी होती.