शेवटच्या धनुष्यापर्यंत

माझी मावशी छत्री कधी आडवी धरत नाही. टोक जमिनीकडे, मूठ घट्ट हातात. बसच्या रांगेत कुणी काखेत छत्री आडवी मारून उभं राहिलं की ती न बोलता एक पाऊल बाजूला सरकते. घरी काका अधूनमधून झाडू खांद्याला लावून दारात उभे राहतात.

"नळी खाली," मावशी पेपरातून मान वर न काढता म्हणते.

"अगं, भरलेली नाहीये."

"प्रत्येक बंदूक भरलेलीच असते."

हा संवाद त्यांच्या घरात इतक्यांदा झालाय की आता दोघंही हसत नाहीत. काका झाडू कोपऱ्यात ठेवतात, मावशी पान उलटते, आणि दोघांनाही बरं वाटतं.

मावशी शाळेत खेळाची शिक्षिका होती. त्याआधी, लग्नाच्याही आधी, ती चांगली नेमबाज होती. फार वरपर्यंत गेली नाही. एक मोठा चषक मिळाला होता, त्यात आता कपड्यांचे चिमटे असतात. शाळेतून निवृत्त झाली तरी सुट्ट्यांमधली मुलांची शिबिरं तिने सोडली नाहीत. सकाळी छऱ्यांची बंदूक, दुपारनंतर धनुष्यबाण. एवढंच काम. पण त्या कामात नेम लावायला शिकवण्याचा वेळ फार थोडा असतो. बहुतेक वेळ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यात जातो. बोट चापाबाहेर ठेव. बोट चापाबाहेर. बाळा, बोट.

"इतकी वर्षं मी येतेय," ती एकदा पायांना तेल चोळत म्हणाली, "आणि ही मुलं काही मोठी होत नाहीत बघ. आपली दहा वर्षांचीच."

शिबिराच्या मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. त्याच्यासमोर गवताच्या गच्च पेंढ्यांवर कागदाची निशाणं लावलेली. अलीकडे जमिनीवर पिवळी रेघ, तिच्या मागे लाकडी घोडी, आणि घोडीच्या मागे पांढरा दोर. पाळी नसलेल्या मुलांनी दोराच्या मागे थांबायचं. दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर यायचं. एक शिट्टी, बाण सोडायचे. बाण संपले की धनुष्य घोडीला अडकवायचं आणि हात मोकळे ठेवून उभं राहायचं. मग तीन शिट्ट्या. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी मिळून चालत, धावत नव्हे, निशाणाकडे जायचं आणि आपापले बाण उपसून आणायचे.

त्या तीन शिट्ट्यांआधी मावशी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची. उजव्या हाताने दोरी ओढणारी मुलं तिला तिच्या जागेवरून नीट दिसत. छाती, हात, दोरी, बाण, सगळं. पण डावखुरं मूल उलट्या तोंडाने उभं राहतं. त्याची फक्त पाठ दिसते. दोरीवर बाण आहे की नाही, ते पाठीआड राहतं. म्हणून डावखुऱ्यांना ती रांगेच्या पलीकडच्या टोकाला ठेवायची आणि दर खेपेला तिथवर जाऊन त्यांचे हात डोळ्यांनी बघायची. मगच शिट्टी.

आणखी एक नियम होता. "थांबा" असं कुणीही ओरडू शकतं. सगळ्यात लहान मूल, पाणी भरणारा माणूस, कुणीही. ते ऐकलं की जो तो आहे तिथे थांबणार, खुद्द मावशीसुद्धा. आणि ओरडणाऱ्याला कुणी रागवायचं नाही. एकदा एक मुलगा जिवाच्या आकांताने "थांबा!" ओरडला. सगळं मैदान गोठलं. मावशी लगबगीने जवळ गेली, तर त्याला शू लागली होती. तिने त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "पण सगळे थांबलो की नाही आपण?" मुलं तिला थांबाबाई म्हणायची. तिला ते माहीत होतं.

नियम मोडणाऱ्यासाठी दोराच्या मागे एक बाक होता. ओरडा नाही, शिक्षा नाही. त्या दिवसापुरतं धनुष्य ठेवायचं आणि बाकावर बसून बघायचं. मोठमोठी दांडगट पोरं त्या बाकावर रडलेली आहेत.

गेल्या वर्षापासून मावशीचा गुडघा बोलायला लागला. शिबिरातून आली की बुटांचे बंद न सोडताच खुर्चीत बसून राहायची. आवाज बसलेला, मानेवर उन्हाची रेघ. काका म्हणाले, "पुरे झालं आता. तुझ्यावाचून काही अडत नाही जगाचं."

"जगाचं नाहीच अडत."

"मग?"

"शेवटच्या धनुष्यापर्यंत चालवतंय तोवर जाईन. ज्या दिवशी तिथवर जायचा कंटाळा येईल, त्या दिवशी शिट्टी परत देईन."

"कंटाळा काय आत्ताच आलाय. तोंड बघ आरशात."

"दमणं वेगळं हो," मावशी म्हणाली. पण ते तिने जरा थांबून म्हटलं.

शिबिराच्या समारोपाला पालकांना बोलावतात. त्या दिवशी तिच्या गुडघ्याला सूज होती म्हणून मी तिला स्कूटरवरून नेलं आणि पालकांबरोबर सतरंजीवर बसले. ऊन कलायला आलं होतं, तरी सतरंजी तापलेली होती. सकाळचं बंदुकीचं सत्र तिने उभ्यानेच काढलं होतं. आता धनुष्यबाण. शिबिरप्रमुख हातात माईक घेऊन उगीचच प्रत्येक बाणाला वाहवा म्हणत होते. कराटेचे सर मदतीला म्हणून बांधाकडे नजर ठेवून उभे होते. पालक मोबाइल उंच धरून आपापल्या मुलाला शोधत होते.

पहिली तुकडी रेघेवर आली. दोन शिट्ट्या, मग एक. बाण सुटले. काही लागले, काही गवतात शिरले, एक अर्ध्यातच पडला आणि ज्याचा पडला तो मुलगा स्वतःच खो खो हसला. एकेक धनुष्य घोडीला अडकू लागलं. मावशीने रांगेवरून नजर फिरवली. पलीकडच्या टोकाला निळ्या टोपीतला डावखुरा मुलगा पाठमोरा, अगदी स्तब्ध उभा होता. मुलं आपला बाण कुठे लागला ते बघत अशी उभी राहतातच. मावशी दोन पावलं त्याच्या दिशेने गेली. मग थांबली, गुडघ्यावर हात ठेवला, आणि तिथूनच तीन शिट्ट्या वाजवल्या.

मुलं रेघ ओलांडून पुढे निघाली.

"थांबा!"

आवाज इतका बारीक होता की आधी कळलंच नाही कुणाचा. दोराच्या मागे, पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी होती. शिबिरभर एक शब्द न बोललेली. तिचे हात कानांवर होते, जणू ती स्वतःच्याच आवाजाला घाबरली होती. मुलं जागच्या जागी थांबली. मावशीही. निळी टोपी तेवढी हलली. त्या मुलाने ओढलेली दोरी हळूच सैल सोडली आणि धनुष्य खाली घेतलं. एक बाण त्याच्याजवळ उरला होता. नेम धरण्याच्या नादात त्याने शिट्टी ऐकलीच नव्हती.

सतरंजीवरून हे काहीच दिसलं नाही. तिथून दिसलं ते इतकंच की सगळं छान चाललेलं असताना एक मुलगी किंचाळली. कुणीतरी हसलं. मुलीचे बाबा उठून दोरापर्यंत गेले.

"काय गं हे? किंचाळायला काय झालं? सगळे बघतायत."

"बाबा, त्याच्याकडे..."

"बाई आहेत ना तिथे? बाईंपेक्षा तुला जास्त कळतं का? सॉरी म्हण त्यांना."

मुलगी मावशीकडे बघायला लागली. तिचे ओठ हलत होते. सॉरी जुळवत होती बिचारी.

शिबिरप्रमुखांना मात्र दिसलं होतं. ते माईक पोटाशी दाबून मावशीजवळ आले. "काही झालेलं नाही, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "राहू द्या. पुढची तुकडी घ्या. आई-बाप बसलेत सगळे." आणि जरा थांबून, "पुढच्या वर्षीचं तुमचं नाव मी कालच पक्कं केलंय."

मावशीने मान हलवली, म्हणजे ऐकलं अशा अर्थाने. मग ती चालत निघाली. सगळी रांग ओलांडून, लंगडत, पलीकडच्या टोकापर्यंत. तिथे पोचायला तिला फार वेळ लागला. निळ्या टोपीच्या हातातून तिने तो बाण घेतला, टोक जमिनीकडे केलं, आणि मुलीच्या बाबांसमोर उभी राहिली.

"हिने सॉरी नाही म्हणायचं," ती म्हणाली. माईक नव्हता, आवाज बसलेला होता, पण मैदानावर इतकं शांत होतं की मागे बसलेल्या मलाही ऐकू आलं. "याच्या दोरीवर बाण होता. ओढलेला. ते न बघता मी मुलांना पुढे पाठवलं. चूक माझी. हिने बघितलं, आणि ही ओरडली."

बाबांनी बाणाकडे पाहिलं, मग पुढे अर्ध्या वाटेत थांबलेल्या मुलांकडे. त्यांचा हात आपोआप लेकीच्या डोक्यावर गेला. सतरंजीवर एकेक मोबाइल खाली आला. एक आई उठली, पुढे जाऊन आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली आणि कुणाशी काही न बोलता फाटकाकडे चालू लागली. प्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

निळ्या टोपीला रडू फुटलं होतं. "बाई, मी बाकावर जाऊ?"

"तू कशाला? तुझा बाण राहिला होता. बाकावर मी जाते."

तिने गळ्यातली शिट्टी काढली. दोरी केसांत अडकली ती नीट सोडवली, आणि शिट्टी कराटेच्या सरांच्या हातात दिली. "तीन शिट्ट्यांच्या आधी इथवर यायचं," ती त्यांना म्हणाली. "नुसतं बघून नाही. चालत." मग ती बाकावर जाऊन बसली. रडून गेलेल्या सगळ्या पोरांसारखी, हात मांडीवर ठेवून.

दुसरी तुकडी झाली. सर प्रत्येक खेपेला टोकापर्यंत चालत गेले, जरा जास्तच जोरात पावलं टाकत. त्या मुलीचे बाण गवताच्या तळाशी कुठेतरी लागले, निशाणाच्या जवळपासही नाही. तिच्या बाबांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. आपले बाण घेऊन परत येताना ती बाकापाशी घुटमळली.

"बाई, तुम्ही किती वेळ बसणार?"

"सगळे बाण मोजून पेटीत जाईपर्यंत."

"मी बसू?"

"तुझी काही चूक आहे का?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली, आणि तरीही बसली.

निघताना प्रमुख फाटकापर्यंत आले. पुढच्या वर्षाबद्दल ते काही बोलले नाहीत, मावशीनेही विचारलं नाही. "गुडघ्याला शेक घ्या," एवढं म्हणाले. ते बोलणं खोटं नव्हतं. स्कूटरवर मावशीने माझ्या पाठीला कपाळ टेकवलं. झोपली असावी असं वाटून मी खड्डे चुकवत हळू चालवत राहिले.

"मला दिसत होता गं तो मुलगा, पाठमोरा," मध्येच ती म्हणाली. "उरलंच होतं किती अंतर?"

मी आणखी एक खड्डा चुकवला.

घरी आल्यावर ती बूट न काढताच खुर्चीत बसली. काका आतून झाडू घेऊन आले, नेहमीसारखा खांद्याला लावायला उचलला, आणि त्यांचं लक्ष दारामागच्या खिळ्याकडे गेलं. घरात शिरल्या शिरल्या ती शिट्टी तिथे अडकवायची. खिळा रिकामा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग झाडू खाली घेतला, कोपऱ्यात उभा केला, आणि खाली बसून तिच्या बुटांचे बंद सोडायला लागले.

"अहो," मावशी डोळे न उघडता म्हणाली, "खाली ठेवलात ना?"

"ठेवला," काका म्हणाले. "पाय पुढे कर."