सायकलीची खांदशेकणी

आधी नाव घेते ते तिगावच्या भाऊजींचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं. काय झालं ते मागून सांगते, कारण ते नसते तर काही झालंच नसतं. आमच्या मध्य प्रदेशातल्या सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत सायकलीवर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. गंमत अशी की सायकल न येणारा मोठा माणूसही त्या टापूत बहुधा तेच एकटे. लहानपणी एकदा पडले, मग पुन्हा काही बसले नाहीत. "मले चालवता येत नाई म्हणूनच तिच्यातलं समजते," असं ते छाती काढून सांगतात. "जो वर बसते, त्याले नुसता रस्ता दिसते." चहाच्या टपरीवर कोणी हसलं तर आणखी जोरात सांगतात.

संत्री वाहायचा त्यांचा छोटा टेम्पो आहे. माझा सायकल शर्यतीचा सराव त्याच्याच मागे झाला. टेम्पो वारा अडवतो, मग मागच्या सायकलीला वेग धरता येतो, हे त्यांनी कुठेतरी मोबाइलवर पाहिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून पांढुर्णा–सौंसर रस्त्यावर आमची वरात सुरू झाली. टेम्पोवर संत्री विकायचा भोंगा होता. त्यावरून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बाजू द्या भाऊ, मागं आपली पोट्टी येऊन राहिली!" चढावर माझा दम तुटला की भोंग्यावर माझी तारीफ सुरू व्हायची आणि शेतात कापूस वेचणाऱ्या बाया उठून उभ्या राहायच्या. लाजेनं मी आणखी जोरात पायडल मारायची. तेच त्यांना हवं असायचं.

या सगळ्यात माझी शाळा सुटली. पहाटे सराव, संध्याकाळी सराव आणि वर्गात बसलं की डोळे मिटायचे. नववीनंतर मी गेलेच नाही. रामाकोन्याला आमच्या घरी बाबा भाऊजींना म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या नादानं पोट्टीची शाळा गेली. आता तिचं काई जमलं नाई, तं आमच्या घरी येऊ नका."

"नाई येत मामाजी," भाऊजी म्हणाले, "जमल्याशिवाय नाईच येत."

आणि ते खरंच आले नाहीत. सणावाराला बहिणीला आमच्या दारापर्यंत सोडायचे आणि स्वतः बस स्टँडवर टेम्पोत बसून राहायचे. आई डबा पाठवायची. डबा रिकामा परत यायचा, वर संत्री भरून. आपण हरलो तर या माणसाची सासुरवाडी कायमची तुटली, हे मला पायडल मारताना रोज आठवायचं.

परदेशात तरुण खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा व्हायच्या होत्या. देशादेशांतून मुलं येणार, सगळे खेळ एकाच गावात. त्यासाठी देशाच्या सायकल संघाची निवड चाचणी भोपाळला, नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. टेम्पो आल्यापासून भाऊजींकडे बैल नव्हते. पण पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायची, त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, ही खांदशेकणी त्यांच्या घरचा नेम. तो मोडायचा कसा? भोपाळला निघायचं म्हणून मी तिगावलाच होते. त्यांनी मला न सांगता माझी सायकल अंगणात उभी केली आणि तिचीच खांदशेकणी केली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," असंही म्हणाले, बहिणीनं ऐकलं. तूप कुठं लावायचं हे ठरेना, म्हणून सगळीकडे लावलं. चाकांच्या कडांनाही. मग सायकल चादरीत गुंडाळली आणि गाडीत चढवली.

भोपाळला चादर सोडली. ब्रेक दाबला तर चाक आपलं फिरतंय! तपासणीच्या साहेबांनी बोट फिरवून वास घेतला.

"यह घी है?"

"घर का है साहब," भाऊजी अभिमानानं म्हणाले, "एकदम शुद्ध."

"ब्रेक नहीं लगेगा, तो लड़की नहीं जाएगी."

माझं रडणं सुरू झालं. भाऊजींचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "रडू नको वो बाई, मी हाव ना," म्हणत ते चहावाल्याकडे धावले. गरम पाणी आणि भांड्याची पावडर घेऊन आले आणि पोळ्याच्या नव्या कोऱ्या सदऱ्यानं चाकं घासत बसले. दुसऱ्या राज्याच्या एका प्रशिक्षकांना दया आली, त्यांनी ब्रेकचे रबर बदलून दिले. एकेकीला सोडत होते, साहेबांनी मला सगळ्यात शेवटी सोडलं. मी कशी चालवली ते मला आठवत नाही. बोटं हळदीनं पिवळी होती आणि भीती होती, एवढंच आठवतं. संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझंही होतं.

परदेशात पदक मिळालं नाही, हे खरं सांगून टाकते. पण शेवटच्या चढापर्यंत मी पुढच्या घोळक्यात होते आणि अंगावर देशाचा रंग होता. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत कोणीतरी भाऊजींना विचारलं म्हणे, "काय मिळालं तुमच्या साळीले?" भाऊजी म्हणाले, "काय मिळालं ते सोड, तिच्या मागं किती देश होते ते विचार!"

आता मी घरापासून फार दूर, सरावाच्या शिबिरात राहते. परवा बहिणीचा फोन आला. बाबा सकाळीच रामाकोन्याहून तिगावला गेले. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "चला जवाईबापू, तुमाले न्याले आलो." एरवी ज्यांचं तोंड बंद होत नाही, ते भाऊजी आत गेले ते बाहेरच येईनात. बहीण पाहायला गेली तर दाराआड डोळे पुसत उभे. म्हणाले, "चपला सापडून नाई राहिल्या." चपला पायातच होत्या.

ते बघायला मी तिथं नव्हते. पुढच्या संघात राहीन की नाही, याची धास्ती रोज असते. पण भाऊजी, एक दिवस तुमचं हे फेडीन. कुठल्यातरी परक्या देशात, शर्यत संपते त्या रेषेजवळ, तुम्हाला आणि बाबांना शेजारी शेजारी बसवीन.