विहीणबाईंचा काळा पडदा

कॉम्प्युटरकाकांचं दुकान जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं. तीस वर्षं तिथे बसून त्यांनी अख्ख्या गावाचे कॉम्प्युटर दुरुस्त केले, आणि विहीणबाईंच्या कॉम्प्युटरपुढे मात्र हात टेकायची पाळी आली.

लेक दिलेली इटलीत. ती आणि जावई दोन महिने कामासाठी परगावी, म्हणून अकरा महिन्यांची नात तिकडच्या आजीकडे. दर रविवारी कॉम्प्युटरवर भेट. विहीणबाई इटालियन, मराठीचा गंध नाही. विहीणबाईंना काका छान दिसत. काकांना मात्र तीन रविवार नुसता काळा पडदा, आणि मागून नातीचं खिदळणं.

"बाबा, ती आता धरून उभी राहते. आज-उद्या पाऊल टाकेल," लेक फोनवर म्हणाली. पहिलं पाऊल एकदाच पडतं, आणि ते आपल्याला दिसणार नाही?

"मी समजावू का सासूबाईंना?"

"मग तीस वर्षं मी काय झक मारली?" काका म्हणाले. हट्टी माणूस, दुसरं काय.

त्यांनी प्रवाशांसाठीचं एक पुस्तक पैदा केलं. त्यात कॉम्प्युटर बिघडल्यावर बोलायची दोन पानं इटालियन वाक्यं होती. पाढे घोकावेत तशी घोकली. 'लो स्केर्मो ए नेरो', म्हणजे पडदा काळा आहे. 'नॉन फुन्त्सियोना', म्हणजे चालत नाही.

कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "आयुष्यभर गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकलीत. आता स्वतः रडायला शिकताय?"

बाईचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही पानं तक्रार करणाऱ्याची. दुरुस्त करणाऱ्याचं एक वाक्य असेल तर शपथ. हा उजेड काकांच्या डोक्यात पडला तो थेट रविवारी.

"लो स्केर्मो ए नेरो," ते ऐटीत म्हणाले. विहीणबाईंना वाटलं, व्याह्यांचाच कॉम्प्युटर गेला. त्यांनी दहा मिनिटं धीर दिला. सूर असा, जणू घरात कुणी आजारी आहे. बिघाड काकांनी केव्हाच ओळखला होता: आवाज येतो, चित्र नाही, म्हणजे नातीनं तिकडच्या कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटवलंय. पण 'काढा' कसं म्हणायचं?

शेवटी दुकानातली रीत कामी आली. गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तोच बिघाड आपल्या मशीनवर करून दाखवायचा. काकांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"नेरो!" तिकडून बाई ओरडल्या.

अंगठा काढला. ठेवला. काढला. चौथ्या खेपेला तिकडे नखानं खरवडल्याचा आवाज आला आणि पडदा उजळला.

नात खुर्चीला धरून उभी होती. तिनं काकांकडे पाहिलं, खुर्ची सोडली आणि टाकली की दोन पावलं, थेट त्यांच्या दिशेनं. पहिलीच. बायको कॅमेऱ्याबाहेर टाळ्या पिटत होती. काकांना मात्र इतका आनंद झाला की पापणीसुद्धा हलेना.

विहीणबाईंनी पडद्यावर टिचकी मारली आणि काळजीनं म्हणाल्या, "सी ए ब्लोक्कातो." तेही पुस्तकात होतं: चित्र अडकलं आहे.

काकांनी नकारार्थी मान हलवली, बाहीनं डोळे पुसले, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.