वापस बोलावलेली जीप

त्या जीपची केस माझ्या नोकरीतली काही मोठी केस नव्हती, पण तिच्यातला एक शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या ठाण्यातले छापील कागद जुन्या जिल्ह्याचेच होते. त्यावर काट मारून हातानं ‘लातूर’ लिहायचं काम माझ्याकडे असे. माझे मालक पोलिसात होते; ते वारल्यावर त्यांच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं होतं. मी बोलायची कमी, म्हणून सहसा बाहेर न पाठवता टेबलावरच ठेवत.

दुष्काळाचं वर्ष होतं. बायका रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायला जात. तलाव दोन कोसांवर, त्या बाजूला एसटी नाही. गावातला एक जण स्वतःच्या जीपनं सगळ्यांना नेई आणि आणी. एका सकाळी ती जीप वळणावर वळलीच नाही, सरळ कोरड्या नाल्यात गेली. दोन बायका जागीच गेल्या.

हयगयीनं गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवून जीपवाल्याला अटक झाली. तो एकच सांगत होता, “साहेब, म्या स्टेरिंग फिरवलं. चाकंच फिरली न्हाईत.”

आमचे जमादार म्हणाले, “माझ्या बैलगाडीला तर स्टेरिंगबी न्हाई, ती बरी वळते. तुझीच जीप रुसली व्हय?”

ठाण्यात सगळे हसले. तीन दिवस त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. यानं एक शब्द वाढवला नाही. गाडी तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांनी स्टेरिंगचा दांडा तुटल्याचं लिहिलं, पण तो आधी तुटला की नाल्यात पडल्यावर, हे सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे दोष चालवणाऱ्याचाच राहिला.

चौथ्या दिवशी पोस्टमन डाक घेऊन आला. डाक देऊनही तो दारात घुटमळत होता. जमादार चहाला गेल्यावर हळूच म्हणाला, “बाई, त्याच्या घरी जीपच्या कंपनीचं रजिस्टर पत्र आलंय, पंधरा दिवस झाले. बायकोनं अंगठा दिला.”

मी साहेबांना सांगितलं. आमचे फौजदार साहेब तापट, पण कागदाला मान देणारे. त्यांनी जीपवाल्याला विचारलं, तर त्याला पत्राची गंधवार्ता नव्हती. बायकोला बोलावलं. ती म्हणाली, कसलाच कागद आला नाही. पोस्टाच्या पावतीवरचा अंगठा दाखवला, तरी तेच. साहेब चिडले. मला म्हणाले, हिला घरी घेऊन जा आणि झडती घे.

घरात झडती घ्यायला होतं काय? ज्वारीची कणगीसुद्धा रिकामी. ती भिंतीला टेकून बसली, मीही बसले. मला दरडावता येत नाही. मग मी विचारलं, “कागुद कुठं हाय ते राहू दे. त्यात काय लिहिलंय असं सांगितलं तुला?”

तिला रडू फुटलं.

“पोस्टमननंच वाचून दाखवलं की. कंपनीनं गाडी वापस बोलवलीय म्हणला. म्या म्हणलं, ह्यांना कळलं तर हे सरळ नेऊन देतील, लई भोळे हायती. मग आमी काय करावं? म्हणून लपवला.”

कणगीत हात घालून तिनं तळातून पाकीट काढलं.

पाकीट आणि तिला घेऊन मी ठाण्यात आले. साहेबांनी पत्र वाचलं. इंग्रजीत होतं. पोस्टमनला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “साहेब, ‘रिकॉल’ म्हंजे वापस बोलवणंच की.” शब्द चुकीचा नव्हता. खालच्या ओळी मात्र त्याला लागल्या नव्हत्या. साहेबांनी त्या मराठीतून सांगितल्या : या जीपच्या स्टेरिंगच्या दांड्यात दोष असू शकतो, तो बदलून मिळेल, काही पैसे पडणार नाहीत, तोवर गाडी रस्त्यावर आणू नये.

तिनं साहेबांच्या टेबलापाशी येऊन विचारलं,

“म्हंजे गाडी आमच्याचकडं राहणार होती?”

गजाआडून नवरा म्हणाला, “साहेब, पत्र मलाच मिळालं होतं असं लिहा.” साहेब म्हणाले, तसं लिहिलं तर तूच गुंततोस, आणि पावतीवर अंगठा तिचा आहे. तिचा जबाब मीच लिहून घेतला. शाई लावून तिचा अंगठाही मीच उठवला.

तशाच आणखी दोन जीपा आमच्या हद्दीत होत्या. साहेबांनी त्या बंद करायला लावल्या. चार दिवसांत त्या पुन्हा सुरू झाल्या. दांडा यायला महिना होता. मी एकीला हात करून थांबवली, तर आतली म्हातारी म्हणाली, “पायी गेलं की हजेरी बुडती बाई. तू आमाला उचलून न्हेतीस का?” मी बाजूला झाले.

ते चुकलंच माझं. अशी गाडी एक दिवसही रस्त्यावर राहू नये, असं मला तेव्हाही वाटत होतं. पण गाडी थांबवणाऱ्यानं त्या बायकांना तलावावर पोचवायचीही सोय करायला हवी होती. आणि कंपनीला गाडी धोक्याची वाटत होती, तर माणूस पाठवून घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं. नुसत्या अंगठ्यावर पत्र पोचलं असं मी तरी मानत नाही.

ते पत्र आणि तिचा जबाब यांवर जीपवाला कोर्टातून सुटला. दांडा आधीच सदोष होता आणि त्याला माहीत नव्हतं, हे कोर्टानं मानलं. तो घरी आला. पण जबाब कोर्टात वाचला गेला होता आणि गेलेल्या दोघी त्याच गल्लीतल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या बंदोबस्ताला मी त्या गावात गेले. रांगेत जीपवाल्याची बायको दिसली नाही. सगळ्यांच्या घागरी भरून गल्ली मोकळी झाली, तेव्हा ती आली. टँकरमध्ये उरलं असेल तेवढं गाळानं गढूळ पाणी तिनं घागरीत घेतलं. माझ्याकडे पाहिलं, ओळख दिली नाही, आणि घराकडे गेली.