टाकीवाल्याची पाणबुडी

आता हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो.

शारजाच्या औद्योगिक भागात आम्ही दोघे भाऊ पाण्याच्या टाक्या बनवायचो. दादा आखायचा, मी वेल्डिंग करायचो. मी आठवी नापास, त्यामुळे कागद त्याच्याकडे आणि आग माझ्याकडे! मग एका दुपारी दादाच्या छातीत कळ आली. खलास. त्याचा पेजर मी कमरेला लावून फिरायचो. वाजणार नव्हता, तरीही.

तीन महिन्यांनी त्याच्या मुलीच्या, सईच्या शाळेत प्रदर्शन आलं. विषय काय, तर पहिल्या पाणबुड्या! लढाईसाठी केलेली पहिली पाणबुडी म्हणे लाकडी अंड्यासारखी होती. आत एकच माणूस. पाणी आत घेतलं की बुडायची, पंपाने बाहेर काढलं की वर यायची. मॉडेल करून देतो, असा शब्द दादाने सईला आधीच दिला होता. एसीच्या खोक्यावर चित्र काढलं आणि गेला.

"वहिनी, मी बनवतो," मी म्हणालो.

"भावोजी, चित्रात आहे तसंच करा हं. स्वतःचं डोकं नको."

आता तुम्हीच सांगा, चित्रात तळाला दोन भोकं! टाकीवाल्याला हे बघवेल का? वाटलं, बिचारा घाईत होता, चुकून काढली असतील. नाहीच ठेवली! आणि भोकंच नाहीत तर पंप कशाला? तोही उडवला. मग टाकी तपासतो तशी हाताने टबात दाबून धरली. एक बुडबुडा नाही! दादा असता तर पाठ थोपटली असती.

शाळेत वहिनीही आली होती. परीक्षक म्हणाले, "चलो बेटा, डुबाओ."

सईने सोडली. बदकासारखी तरंगायला लागली! मी दाबली, ती उसळली. पुन्हा दाबली, पुन्हा उसळली. माझी बाही भिजली, परीक्षकांची पॅन्ट भिजली.

"काका, व्हेअर आर द होल्स?" सईचे डोळे भरले.

"एक मिनिट!" मी पळालो, पिकअपमधून ड्रिल आणलं आणि तिथल्या तिथे खाली दोन, वर एक भोक पाडलं.

गुडगुड करत बुडाली! टाळ्याच टाळ्या!

"बहुत बढ़िया. अब ऊपर लाओ."

पंप कुठे होता?

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. तेवढ्यात सई शांतपणे म्हणाली, "सर, शुरू की कितनी सारी सबमरीन ऊपर आईं ही नहीं. इट्स हिस्टरी."

परीक्षक पोट धरून हसले. तिला दुसरं बक्षीस दिलं आणि विचारलं, "बनाया किसने?"

सईने स्केचपेन घेतलं आणि मॉडेलच्या पाटीवर लिहिलं: 'डिझाइन: बाबा. मिस्टेक्स: काका.'

वहिनी तोंडावर पदर धरून हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा! पोरीचे उपकार कसे फेडू? दादाच्या नावाखाली माझं नाव लागलं, आणि तेही अगदी बरोबर कामासमोर.